काठोकाठ भरलेली टाकी

आमचे हे वजनकाटे दुरुस्त करतात. गुंजभर इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपत नाही. त्यामुळे दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या माशांसाठी गाळणीची टाकी आपण घरीच बनवायची असं त्यांनी ठरवलं. बोलून उपयोग नव्हता. कागदावर आकृती आधीच काढून झाली होती.

गरज मात्र खरी होती. काचेला अडकवलेली जुनी गाळणी पार थकली होती आणि दर आठवड्याला बादल्या भरभरून पाणी बदलावं लागायचं. मागच्या महिन्यात अशीच एक बादली ह्यांच्या हातून निसटली आणि पाणी झिरपत खालच्या मजल्यावर वन्संच्या शिवणखोलीत उतरलं. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लोकांचे लग्नाचे पोशाख शिवतात. पाणी नेमकं पांढऱ्या साटीनच्या झग्यावर पडलं. वन्संनी वर येऊन अगदी शांतपणे सांगितलं की आता एक थेंब जरी खाली आला तरी टाकी या घरातून जाईल. घर त्यांच्या नावावर आहे, आणि वन्सं बोलतात ते करतात. ते दोन नारिंगी पट्टेदार मासे सात वर्षं ह्यांच्या बोटातून खातात. ह्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

म्हणून ही योजना. वरच्या टाकीतलं पाणी काठाजवळच्या नळीवाटे खाली कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत उतरणार. तिथे काचेचे तीन कप्पे. पहिल्यात कापडी पिशवीत घाण अडकायची, दुसऱ्यात सच्छिद्र दगडांमधून पाणी जायचं, आणि तिसऱ्यातला पंप ते पाणी वेगळ्या नळीने पुन्हा वर पाठवायचा. बादलीचं काम एकदम कमी. हे तीन रविवार काचा चिकटवत बसले. आमच्या चहालासुद्धा सिलिकॉनचा वास यायला लागला. खालची टाकी त्यांनी काठोकाठ भरली. थोडी रिकामी ठेवायला नको का, असं मी हळूच विचारलं. तर म्हणाले, जितकं पाणी जास्त तितकं ते स्वच्छ राहतं, आणि रिकामी जागा म्हणजे फुकट गेलेली काच.

आता माझं सांगायला हवं. रोज सकाळी सात ते आठ माझं मौन असतं. एकोणीस वर्षांत खंड नाही. त्या तासात घरात काही घरघरू नये म्हणून पंखा, रेडिओ, माशांची जुनी गाळणी, सगळं मी बंद करायची. फ्रीज तेवढा चालू; दूध नासवून देवाला काय मिळणार? नवा पंप रविवारी संध्याकाळी सुरू झाला. सोमवारी सकाळी हे अंघोळीला गेले, मी सवयीनं त्याचंही बटण दाबलं आणि डोळे मिटून बसले.

मन छान लागलं होतं. मधेच आसनाखाली गार वाटायला लागलं. मला वाटलं, इतक्या वर्षांची साधना फळाला येतेय. मग गारवा साडीतून वर चढला. डोळे उघडले तर कपाटाच्या दाराखालून पाणी संथपणे माझ्याकडे येत होतं.

आठ वाजायला बावीस मिनिटं होती. मी न्हाणीघराचं दार वाजवलं. निघतो, निघतो, असं आतून उत्तर आलं. पुन्हा वाजवलं, तर म्हणाले, आज तुझं मौन आहे की मिरवणूक? शेवटी नाइलाज झाला.

"अहो, समुद्र आलाय," मी म्हटलं.

हे टॉवेलवर धावत आले आणि त्यांनी पंप सुरू केला. टाकीतलं पाणी निमूट वर गेलं, फरशीवरचं राहिलं. आम्ही दोघं पुसायला बसतोय तोवर वन्सं दारात. गळ्यात मोजपट्टी, आणि केस ओले. या वेळी थेंब झग्यावर नाही, थेट त्यांच्या डोक्यावर पडला होता.

त्यांनी काही विचारायच्या आत हे म्हणाले की टाकीचा काही दोष नाही, हिनं पंप बंद केला. मी मान हलवली. खरंच होतं ते.

"आज हिनं बंद केला," वन्सं म्हणाल्या. "उद्या वीज जाईल. तेव्हा कोणाचं नाव सांगशील?"

ह्यांनी फडकं पिळलं. वन्सं गुडघे टेकून कपाटात डोकावल्या आणि पंप थांबल्यावर पाणी येतं तरी कुठून, ते त्यांनी विचारून घेतलं. हे सांगत गेले, आणि सांगता सांगता त्यांचा चेहरा उतरत गेला. पाणी वर सोडणाऱ्या नळीचं तोंड वरच्या टाकीत वीतभर खोल बुडालेलं. पंप थांबला की तीच नळी उलटी चालायला लागते आणि तोंड उघडं पडेपर्यंत वरचं पाणी खाली ओढते. आणि खाली जागाच नव्हती.

"मी कापड कापताना चारी बाजूंनी शिवणीपुरतं जादा सोडते," वन्सं म्हणाल्या. "गिऱ्हाईक जाडं झालं तर उसवून सैल करता यावं म्हणून. तू या टाकीला किती सोडलंस?"

"काहीच नाही, ताई."

"मग नवरीनं श्वास घ्यायचा कुठे?"

त्या दिवशी ह्यांनी काम बुडवलं. नळीचं तोंड पाण्याच्या वरच्या थराशी आणलं. पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली नळीला बारीक भोक पाडलं, म्हणजे पाणी किंचित उतरताच आत हवा शिरावी आणि ओढ तुटावी. खालच्या टाकीतलं बरंचसं पाणी काढून टाकलं. वन्सं स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. काम झाल्यावर त्यांनी शिवणाच्या खडूनं खालच्या टाकीच्या काचेवर रेघ मारली. म्हणाल्या, पाणी हिच्या वर आलं तर माशांनी बोचकं बांधायचं.

मग त्यांनी मला पंप बंद करायला लावला. पाणी चढायला लागलं. हे डोळे मिटून उभे राहिले. रेघेच्या दोन बोटं खाली पाणी थांबलं, आणि ह्यांनी चक्क हात जोडले. वन्सं म्हणाल्या, आणखी नऊ वेळा. पाचव्या वेळी हे कुरकुरले की अशानं पंप खराब होईल. त्यावर वन्संनी सांगितलं की बाही बसेपर्यंत त्या पाच पाच वेळा उसवतात, त्यांची सुई अजून कधी रुसलेली नाही.

दहाव्यांदाही पाणी तिथेच थांबलं. वन्संनी कपाटाखाली हात फिरवला आणि कोरडा तळवा उजेडात धरून पाहिला.

"राहू देत मासे," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या हिशोबावर नाही ठेवत. या रेघेवर ठेवतेय."

त्या खाली गेल्यावर हे पट्टी घेऊन काचेशी बसले. रेघ डावीकडे अर्धा सेंटीमीटर उतरलेली होती. त्यांनी दोनदा मोजली, माझ्याकडे पाहिलं, आणि पट्टी खिशात ठेवून माशांना खायला घालायला उठले.