बिनतुपाचा भात

परसातला पत्र्याचा दरवाजा पुन्हा धाडकन वाजला आणि सुवर्णाच्या पोटात गोळा आला. खरं तर गोळा जावयाच्या पोटात होता.

सम्राट तिचा एकुलता एक जावई. राहायला न्हावऱ्याला, कामाला रांजणगावच्या एका कंपनीत. गेल्या वर्षी त्याचं सविताशी लग्न झालं आणि यंदा अधिक महिना आला. तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आणि हे खाऊ घालणं राहू गावात कुणी हलक्यानं घेत नाही. काल दुपारी सुवर्णानं ताट भरून धोंडे वाढले, त्यावर तूप ओतलं, शेजारी आमरसाची वाटी ठेवली. जावई "बास" म्हणाला तेव्हा दुसरी वाटी भरली. जावयाचं पहिलं "बास" कुठं कुणी धरतं? तिसरंही धरत नाहीत.

सकाळपासून बिचाऱ्याच्या घर ते परस अशा फेऱ्या चालल्या होत्या.

"काय न्हाई मामी, जरा पोट बिघडलंय," असं म्हणेपर्यंत तो पुन्हा वळलादेखील.

एवढ्यावर भागलं असतं तर सुवर्णानं निभावून नेलं असतं. पण आज संध्याकाळी त्याचं जेवण समोर थोरल्या जावेकडे, कुशाबाईकडे होतं. सविताच्या लग्नाच्या धांदलीत सुवर्णानं कुशाबाईला पत्रिका मोबाईलवर पाठवली. दारात जाऊन कुंकू लावून बोलवायचं राहूनच गेलं. सख्ख्या जावेला मोबाईलवर आवतण! कुशाबाई लग्नाला फिरकली नाही. दोन घरांमधला रस्ता जेमतेम बैलगाडी जाईल एवढा, पण तेव्हापासून दोघींपैकी कुणी तो ओलांडला नव्हता. परवा मात्र कुशाबाई आपण होऊन उंबऱ्याशी आली. "जावई काय तुझ्या एकटीचा हाय व्हय? परवा सांजचं माझ्याकडं," एवढं बोलून परत फिरली. सुवर्णाला त्या दिवशी काय करू आणि काय नको असं झालं होतं. आता जावई गेला नाही, तर सुवर्णानंच अडवला असं कुशाबाई समजणार. मग ती पुन्हा काही उंबऱ्याशी यायची नाही.

"खिडक्या लावा आधी," सुवर्णानं हुकूम सोडला. "तिकडं कळाय नको."

खिडक्या लागल्या आणि घरातले वैद्य जागे झाले. सुवर्णाचे यजमान पोपटराव कोऱ्या चहात लिंबू पिळून घेऊन आले. सुवर्णानं सहाणेवर जायफळ उगाळायला घेतलं. तेवढ्यात पोपटरावांना दह्यातल्या मेथ्या आठवल्या.

"आप्पा, आई, एकाच माणसावर सगळ्यांनी हात साफ करू नका," सविता म्हणाली. "ताप न्हाई, रक्त न्हाई, मग घाबरायचं काय? अंगातलं पाणी भरून काढायचं आन् पोटाला आराम द्यायचा. सांजपर्यंत उतार न्हाई पडला तर दवाखाना."

तिनं लिटरभर उकळून गार केलेलं पाणी घेतलं. त्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं, सगळं काटेकोर मोजून. मग मऊ, गुरगुट्या भात टाकला आणि ती कपडे वाळत घालायला गेली.

सुवर्णानं ते पाणी चाखलं. असलं मिळमिळीत पाणी जावयाला? लोक काय म्हणतील? खिडक्या लावलेल्या आहेत, लोक काही म्हणणार नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिनं दोन मुठी साखर आणखी ढकलली.

तरीही दुपारी दरवाजा बराच वेळ शांत राहिला. सम्राट उठून बसला, भूक लागली म्हणाला. सुवर्णाचा जीव भांड्यात पडला. तिनं ताटलीत भात वाढला, आणि तो पांढराफटक भात बघून तिला कसंतरीच झालं. जावयाच्या पानात बिनतुपाचा भात! तिच्या माहेरी हे कळलं असतं तर तिला दारात उभं केलं नसतं. तिनं तुपाची पळी उचलली. जावई भिडस्त, गप्प बसला, म्हणून आणखी दोन पळ्या वाढल्या.

घटकाभरानं पत्र्याचा दरवाजा धाडकन वाजला.

"आई," सविता कमरेवर हात ठेवून उभी होती, "भातावर काय घातलंस?"

"तूप. थोडंसंच."

"आन् पाण्यात?"

"साखर."

सवितानं कोपरापासून हात जोडले. सुवर्णाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या हौसेपायी लेकराचे हाल झाले. आणि संध्याकाळी कुशाबाई याच्या दुप्पट हौस करणार, कारण तिचा तर हा पहिलाच मान. जावई तिथंही भिडेपोटी खाणार. न पाठवावा तर जाऊ कायमची तुटणार, आणि पाठवायचा तर खरं सांगायलाच हवं. म्हणजे अख्ख्या भावकीत आपल्या हातच्या जेवणाची शोभा.

तिनं डोक्यावर पदर घेतला आणि रस्ता ओलांडला.

पुरणाचा वास रस्त्यातच आला. कुशाबाई पुरणयंत्र फिरवत होती. सुवर्णाला दारात बघून तिचं तोंड घट्ट झालं. "काय गं? यायचं न्हाई म्हणून सांगाया आलीस?"

"येणार हायेत. पण अक्का, जुलाब लागल्यात त्यास्नी. माझ्याच हातचं खाऊन."

पुरणयंत्र थांबलं. सुवर्णा आता थांबणार नव्हती. "दुपारी उतार पडला व्हता. भातावर तूप घातलं मी, पुन्हा सुरू झालं. तुमी तूप-गोड काय बी घालू नका त्यांच्या पानात. आन् अक्का, लगीन व्हतं तवा मी तुमच्या दारात यायला पायजे व्हतं. मागनं चूक कळली, पण तोंड दाखवायची लाज वाटली."

कुशाबाईनं पुरणाचे हात पुसले. मग म्हणाली, "किती घातलंस तूप?"

"तीन पळ्या."

"अगं, जावई हाय का दिवा!"

आणि कुशाबाई पोट धरून हसली. सुवर्णाही हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

सवितानं पुन्हा मोजून केलेल्या पाण्यानं दिवेलागणीपर्यंत उतार पडला, आणि सुवर्णा सम्राटला घेऊन समोरच्या घरी गेली. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, समई लावलेली. पानात गुरगुट्या भात आणि भाजलेल्या जिऱ्याचं ताक, बस्स. जमलेल्या भावकीतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या.

"माझा जावई आज एवढंच खाणार," कुशाबाई म्हणाली. "कुणाला काय म्हणायचं हाय?"

कोपरं जागच्या जागी थांबली. सुवर्णाचा हात सवयीनं तुपाच्या भांड्याकडे गेला, तसं कुशाबाईनं ते भांडं पायानं लांब सरकवलं. सम्राटनं भात संपवला, ताक प्यायला. चेहऱ्यावर जरा रंग आला. "बास, मामी," तो म्हणाला आणि कुशाबाई खरोखरच थांबली. धोंड्याच्या महिन्यात असं राहूमध्ये कुणी पाहिलं नव्हतं.

जावयाला वाण देऊन झालं, बायका पांगल्या. धोंड्यांनी भरलेली परात तशीच होती.

"सकाळधरनं राबतीया मी. ह्ये कोण खाणार? बस," कुशाबाई म्हणाली.

"एकटी न्हाई बसायची मी."

कुशाबाई कुरकुरत एकच मोठं ताट घेऊन आली आणि तिच्या समोर मांडी घालून बसली. दोघींचा पहिला घास झाला. मग कुशाबाईनं ताटातच बघत विचारलं, "सवितीच्या लग्नात जेवायला काय काय केलं व्हतं गं?"

वर्षभर हे कुणीतरी विचारावं असं सुवर्णाला वाटत होतं, आणि ते कुशाबाईनंच विचारायला हवं होतं. तिनं हातातला घास खाली ठेवला, डोळे पुसले आणि हळदीच्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.