साठ किलो जास्त

धर्मेंद्रने लिहिलेल्या पटकथेत प्रेताचं वजन बासष्ट किलो होतं. ते साठ केलं मिनलच्या वडिलांनी, शालिकरामजींनी.

"काट्यावर बासष्ट येतच नाही गा," ते म्हणाले होते. "ट्रकचा काटा दहा-दहानं सरकते. साठ येईन, नाही तं सत्तर. बासष्ट दाखवलं तं अख्खं सावनेर उठून जाईन."

मिनलला तेव्हा अभिमानच वाटला होता. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला, मोजायचं यंत्र किती बारीक मोजतं हे न विचारता आकडा लिहिणारी माणसं खपत नाहीत. हा गुण तिने कुठून उचलला, हे वेगळं सांगायला नको. शालिकरामजी सावनेरजवळच्या एका कोळसा खाणीत एकतीस वर्षं वजनकाट्यावर होते. रिकामा ट्रक तोलायचा, भरलेला तोलायचा, पावती फाडायची. निवृत्तीनंतर शहरातल्या मनीषनगरात राहायला आले, तरी बायकोने, वच्छलाबाईंनी, आणलेली तुरीची डाळ ते घरच्या काट्यावर पुन्हा तोलत.

धर्मेंद्र सावनेरचाच. लग्नाचे व्हिडिओ काढता काढता त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला आणि त्याला मुख्य भूमिकेसाठी काट्यावरचा खरा माणूस हवा झाला. शालिकरामजी एका बैठकीत तयार झाले. आवाज टिपायचं काम मिनलकडे आलं. तिला असे सिनेमे मुळातच आवडत. छोट्या गावातला गुन्हा, जेमतेम अकलेचे गुन्हेगार, आणि प्रेत लपवता लपवता मध्येच जेवायला घरी जाणारी माणसं.

सिनेमाचं नाव 'निव्वळ वजन'. काट्यावरच्या कारकुनाला त्याचा मेव्हणा खोटं वजन लिहायला सांगतो. कारकून चिडून त्याला ढकलतो, मेव्हणा पायरीवर आपटतो आणि जागीच संपतो. कारकून प्रेत एका ट्रकात कोळशाखाली दडपतो. ट्रक निघाला की सुटलो, एवढाच त्याचा बेत.

आणि तिथेच शालिकरामजी चित्रीकरण थांबवून उभे राहिले होते.

"पावती कुठं आहे?"

"कसली पावती, काका?" धर्मेंद्रने विचारलं.

"गाडी काट्यावर उभी आहे ना? मंग पावती फाडा लागते. अशीच कशी सोडीन म्या?"

"काका, तुम्ही खून केला आहे."

"खून केला तो वेगळा. गाडीचं वजन वेगळं."

धर्मेंद्रने खिशातून पेन काढलं. मग त्याने प्रसंग बदलला. कारकून घाम पुसत ट्रकमध्ये साठ किलो जास्त असल्याची रीतसर पावती फाडतो, सही करतो, ड्रायव्हरला देतो. त्याच पावतीवरून पुढे पकडला जातो. शालिकरामजींनी तो प्रसंग इतक्या तळमळीने केला की धर्मेंद्र तोंडात रुमाल कोंबून खोलीमागे जाऊन बसला. शालिकरामजींना वाटलं, पोराला भरून आलं.

मिनलने हेडफोन काढले, तेव्हाच वडिलांना सांगायला हवं होतं, की हे बघून लोक हसणार आहेत. तिने सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत आठ महिने गेले. तेवढ्या काळात शालिकरामजींनी ओळखीपाळखीत सांगून टाकलं, "इमानदार माणसाचा सिनेमा आहे. पोरीनंही काम केलं त्याच्यात." रविवारी सकाळच्या पहिल्या खेळाला सावनेरहून दोन गाड्या भरून त्यांचे जुने सोबती आले. शालिकरामजींनी दाराशी उभं राहून प्रत्येकाला नमस्कार केला. अंगात नवा शर्ट, घडीच्या रेघा तशाच.

अंधार झाला. मिनल त्यांच्या शेजारी बसली आणि पडद्याऐवजी त्यांच्याकडेच बघू लागली.

पहिलं हसू फुटलं, तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलं. कोणी तरी आपसात बोललं असेल. दुसऱ्या वेळी वळले नाहीत. मग ट्रक काट्यावर आला, पडद्यावरच्या शालिकरामजींनी पावतीपुस्तक उघडलं, कार्बन सरळ केला, आणि सभागृह फुटलं. मिनलने सवयीने मोजलं. हशा एकोणीस सेकंद चालला. सर्वांत मोठ्याने सावनेरची रांग हसत होती.

शालिकरामजी उठले आणि बाहेर गेले.

ती मागोमाग धावली. ते पाण्याच्या यंत्रापाशी उभे होते, ग्लास हातात, रिकामा.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पावती फाडली त्या दिवसापासून, बाबा."

त्यांनी रिकामा ग्लास हातात फिरवला. मग म्हणाले, "एकतीस वर्षं त्या खुर्चीवर बसलो. कोणाच्या बापाची हिंमत नाही झाली मले खोटं लिहाले सांगाची. अन् तेच पाहून लोक दात काढून राहिले."

"ते तुमच्यावर नाही हसत."

"मंग कोणावर? पडद्यावर मीच आहो ना?"

मिनलने जे खरं होतं ते सांगायचं ठरवलं. "मोठ्या सिनेमातले खुनी फार हुशार असतात. मला तसा एकही माणूस कधी भेटला नाही. हा कारकून मात्र भेटलाय. त्याने एवढं भयंकर केलं, तरी त्याचा हात पावतीकडे जातो. दुसरं काही त्याला येतच नाही. हसू येतं, आणि त्याच वेळी वाटतं, देवा, याला कोणी तरी सोडवा. मला दोन्ही एकदम होतं. का होतं, ते नाही सांगता येत."

"तू हसली का?"

"हो. खूप."

शालिकरामजींनी मान हलवली. खोटं बोलली नाही, एवढं त्यांनी जमेस धरलं असावं. पण चेहरा उतरलेलाच होता.

दार उघडून वच्छलाबाई बाहेर आल्या, पदराने डोळे पुसत. "इथं काहून उभे आहात हो? आतमंदी सिनेमात तुमच्या घरी पोलीस आले."

"तूही हसली?"

"हसली तं! मागच्या बाईनं विचारलं, घरीही असेच आहेत का? म्या म्हटलं, घरी तं याच्याहून बेकार." मग नवऱ्याचा चेहरा बघून त्या थांबल्या. "अहो, पण ते जोडे उचलले ना तुम्ही, तवा नाही हसली कोणी."

"कोणते जोडे?"

"मेव्हण्याचे. पोलीस नेऊन राहिले तवा दारातले त्याचे जुने जोडे उचलून जोडीनं भिंतीशी ठेवले ना. सारे चिडीचूप झाले. धर्मेंद्रनं चांगलं सुचवलं म्हणा."

"त्यानं नाही सुचवलं," शालिकरामजी म्हणाले. "वाकडे पडले होते. म्या असेच सरळ केले."

त्यांनी ग्लास ठेवला. बंद दाराकडे बघत ते उभे राहिले. आतून आवाज येत नव्हता. दोनशे माणसं आत होती, आणि खोकलासुद्धा नव्हता. मिनलला माहीत होतं, आता पोलीस ठाण्यातला शेवटचा प्रसंग चालू असणार. कारकून जबानीवर सही करण्यापूर्वी ती वाचायला मागतो आणि त्यातली वेळ दुरुस्त करून देतो.

शालिकरामजींनी हळूच दार ढकललं. जागेवर गेले नाहीत. भिंतीला टेकून अंधारात उभे राहिले, मिनल आणि वच्छलाबाई त्यांच्यामागे. ते पडद्याकडे बघत नव्हते. पडद्याच्या उजेडात माणसांचे चेहरे दिसत होते, ते एकेक करून बघत होते. सावनेरच्या रांगेत त्यांचे जुने सोबती मधुकरराव चष्मा काढून हातात धरून बसले होते.

पडद्यावरचा कारकून म्हणाला, "साहेब, मी दोन वाजून दहा मिनिटांनी मारलं. तुम्ही सव्वादोन लिहिलं. पाच मिनिटं तो जित्ता..."

सभागृहात पुन्हा हशा उसळला. वाक्य त्यात बुडून गेलं.

मिनलने वडिलांकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी होती. ते तिच्या कानाशी वाकले.

"घाई केली लोकायनं," ते कुजबुजले. "पुरं होऊ द्यायचं होतं. पुढचा 'नव्हता' म्या चांगला घेतला होता."