वर चढणारा गंज

पार्कातल्या त्या रोलर कोस्टरचं नाव होतं ‘पडकी खाण’. उभी राहून अकरा वर्षं झाली होती, आणि पहिल्या दिवसापासूनच ती पडकी होती. मोडका दरवाजा फायबरचा, कोळशाचे ढीग थर्माकोलचे, आणि कोपऱ्यातली जळमटं दर सोमवारी नवी लावली जायची. माणसाला भीतीची भारी हौस. लोक तासभर रांगेत उभे राहायचे, तीस मीटरवरून खाली कोसळायचे, ओरडून घसा बसवून घ्यायचे आणि पुन्हा रांगेत जायचे.

या सगळ्या खोट्या पसाऱ्यात खरं होतं ते लोखंड, आणि ते तपासायचं काम मामाचं. तो मामा एकाच मुलीचा. ती भाची फलाटावर लोकांच्या मांडीवरचे दांडे नीट बसलेत का ते बघायची. तिच्यामुळे अख्खा पार्क त्याला मामा म्हणायचा, त्याच्याहून दहा वर्षांनी थोरला असलेला माळीसुद्धा.

रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी मामा हातोडी घेऊन रुळाच्या कडेच्या चालायच्या जाळीवरून पूर्ण फेरी मारायचा. बोल्ट हजारो. प्रत्येकावर हातोडी मारत बसला असता तर पहिली गाडी संध्याकाळीच सुटली असती. म्हणून आधी नजर, मग हातोडी. बोल्टखाली गंजाचा ओघळ दिसला की समजायचं, आत पाणी शिरलंय, बोल्ट ढिला झालाय. तिथे ठोकायचं. मग कागदावर सही करायची आणि पहिल्या रिकाम्या फेरीत पहिल्या डब्यात स्वतः बसायचं. ज्याची सही त्याचा जीव, असा तिथला नियमच होता.

काही वर्षांपूर्वी मॅनेजरच्या डोक्यात आलं की फोटोत खांब फार नवे दिसतात, त्यांनाही गंज रंगवा. मामा भडकला. खांबावर खोटा गंज आला तर खरा ओळखायचा कसा? पण मॅनेजर ऐकणाऱ्यातला नव्हता. तोड काढली ताईने. ताई म्हणजे मामाची थोरली बहीण, भाचीची आई. खाणीतली सगळी रंगरंगोटी तिचीच.

“खरा गंज वरून खाली ओघळतो ना?” ती म्हणाली होती. “मी खालून वर ओढते. जाड टोक खाली, बारीक वर. बघणाऱ्यांना कोसळताना काय कळणार आहे? तुला कळलं म्हणजे झालं. साहेबांना मात्र सांगू नकोस, ते पुन्हा सरळ करायला लावतील.”

तेव्हापासून खाणीत ताईचा गंज वर चढायचा आणि खरा खाली उतरायचा. दोघांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पहिल्या फेरीला ती मामाच्या शेजारी बसायची आणि कोसळताना त्याचं मनगट आवळून धरायची.

पाच महिन्यांपूर्वी ताई गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. मामा रडला नाही. चौथ्या दिवशी कामावर हजर झाला. लोक म्हणाले, धीराचा माणूस. धीर कसला, त्याला काही वाटतच नव्हतं. जेवण समोर आलं की जेवायचा, बायको बोलली की हूं म्हणायचा. पहिल्या फेरीत तीस मीटरवरून गाडी कोसळायची आणि पोटात साधा गोळा यायचा नाही. घरच्या जिन्यावरून उतरावं तसा तो तीस मीटर उतरायचा.

ताईच्या जागी आलेला रंगारी आधी नाटकांचे पडदे रंगवायचा, म्हणून सगळे त्याला पडदेवाला म्हणत. हात मोठा सुरेख. मॅनेजरने त्याला खांब पुन्हा रंगवायला सांगितले आणि त्याने महिनाभरात रंगवलेसुद्धा. पण त्याचा गंज, शहाण्या माणसाच्या गंजासारखा, वरून खाली ओघळत होता.

मामाने पहिल्याच दिवशी पाहिलं. सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे ताईचं नाव घ्यावं लागणार, ती कशी म्हणाली ते सांगावं लागणार. उद्या सांगू म्हणत त्याने महिना काढला. सगळेच ओघळ खरे दिसायला लागल्यावर त्याने ठोकणंच सोडून दिलं. फेरी मारायचा, सही करायचा, गाडीत बसायचा. एकोणिसाव्या खांबावरचा ओघळ तर इतका हुबेहूब होता की एकदा थांबून तो मनात म्हणाला, पडदेवाल्याने इथे काय हात दाखवलाय.

त्या दिवशी सकाळी सही करून तो पहिल्या डब्यात बसला, तर भाची येऊन शेजारी टेकली.

“तू कुठे?” मामाने विचारलं.

“आईच्या जागेवर. रोज एकटाच जातोस, मला बघवत नाही.”

“तुला भीती वाटते ना याची?”

“वाटते. पण सही तुझी आहे की.” तिने स्वतःच दांडा खाली ओढला. तो खट् करून तिच्या मांडीवर बसला आणि तिने मामाचं मनगट धरलं, अगदी ताई धरायची तिथेच.

गाडी अजून जागची हललीही नव्हती आणि मामाच्या पोटात गोळा आला. स्वतःच्या जिवाचं त्याला काही वाटत नव्हतं, म्हणून ती सही त्याला चालून जात होती. या पोरीसाठी ती चालणार नव्हती.

“दांडा उघड,” तो म्हणाला.

“काय झालं, मामा?”

“उतर. आज गाडी जाणार नाही.”

त्याने केलेली सही काट मारून खोडली. मॅनेजर धावत आला, बाहेर रांग लागलीय म्हणाला. मामा म्हणाला, “लागू दे. महिनाभर मी न तपासता सही करतोय.” मॅनेजर रांग परत पाठवायला गेला.

मग मामाने पडदेवाल्याला तारेचा ब्रश दिला आणि भाचीच्या देखत सगळं सांगितलं. ताईचं नाव घेतलं, ती कशी म्हणाली तेही. पडदेवाला मान खाली घालून ऐकत होता. “मला कुणी बोललंच नाही हो,” एवढंच म्हणाला.

दुपारपर्यंत दोघांनी खांबामागून खांब खरवडला. रंग निघायचा, खाली लोखंड स्वच्छ, हातोडीला टण्ण आवाज. भाची खाली उभी राहून कागदावर खुणा करत होती. प्रत्येक टण्णला मामाचा जीव थोडा भांड्यात पडत होता.

“एकोणीस राहिला,” भाची म्हणाली.

मामाने ब्रश पुढे केला. पडदेवाल्याने खांबाकडे पाहिलं, मग खिशातली वही काढून पाहिली. कुठे काय रंगवलं ते टिपून ठेवायची त्याला पडद्यांपासूनची सवय होती.

“एकोणीस माझा नाही, मामा,” तो म्हणाला. “खाली झुडपं आहेत, शिडी टेकेना. मी तिथे ब्रशच लावला नाही.”

मामा कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधून जाळीवरून खाली उतरला. ठोकलं तर ठप्प असा आवाज आला. बोल्टावरची चकती त्याने दोन बोटांनी धरली, तर ती डब्याच्या झाकणासारखी फिरली.

खालून भाची विचारत होती, “काय आहे, मामा? बोल ना.” पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याला ताई गेल्याचं जाणवलं, आणि तो खांबाला दोन्ही हातांनी धरून तिथेच लटकत रडला.