एक तारखेला उतरवलेला तारा

मी एक जुना तारा आहे. आभाळातला नव्हे हं मित्रांनो. बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा, नाताळात अंगणात उंच काठीवर टांगतात ना, तसला. आष्टीच्या अलीकडे डांबरी सडकेला लागून एक लहानशी वस्ती आहे. तिथे रूतबाईंच्या घरात, माळ्यावर, जुन्या सुपाशेजारी मी वर्षातले बहुतेक दिवस पडून असतो. माझी एक कामटी उंदराने कुरतडली आहे. त्याचं मला एवढं वाटत नाही. वाटतं ते एका संध्याकाळचं.

रूतबाईंचे मालक टोपल्या विणायचे. त्यांना मुलगा झाला, शांतवन, तेव्हा त्यांनी बाळासाठी पाळणा केला आणि उरलेल्या कामट्यांचा मला. म्हणजे पाळणा आणि मी सख्खी भावंडं. दर नाताळाला रूतबाई कणकेची खळ शिजवून मला नवा कागद चिकटवत. बाळ रांगत येई, खळीत बोट बुडवून चाटे, आणि त्या हसत पदराने त्याचं तोंड पुसत. आधी माझ्या पोटात रॉकेलची चिमणी जळायची, पुढे बल्ब आला. संध्याकाळच्या एसटीतून लोक म्हणत, "तारा दिसला, वस्ती आली. उठा!" तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटे.

मग मालक वारले. शांतवनचं लग्न झालं, आणि दिवाळी सरली की नवराबायको ऊसतोडीला जाऊ लागले. त्यांचा नाताळ लांबच्या कारखान्यावर, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत व्हायचा. इकडे रूतबाई एकट्या मला काठीवर चढवत.

एका साली फार मोठा दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले, टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या. गावच्या दूध संस्थेने माळावर जनावरांची छावणी उघडली. दुष्काळात जनावरं कशी जगवतात हे शिकायला तिथे एक परदेशी विद्यार्थी आला. देश इथिओपिया, नाव तेस्फाये. उंच, सावळा, मोठ्या डोळ्यांचा. संस्थेच्या खोलीत राहायचा आणि मोडकं हिंदी बोलायचा.

डिसेंबर नुकताच लागला होता. तो सडकेने चालला होता, मी दिसलो आणि थांबला. अंगणात आला, चपला काढल्या आणि अनवाणी माझ्याखाली उभा राहून त्याने छातीवर क्रूस केला. मित्रांनो, माझ्याखाली चपला काढणारा तो पहिलाच माणूस.

रूतबाई दारातून बघत होत्या. "आपल्यातला हाय गं हा!" त्या शेजारच्या चतुराबाईंना म्हणाल्या. "शांतवनच्याच वयाचा हाय बघ. यंदा नाताळाला ह्यालाच जेवू घालते."

"घाल बाई," चतुराबाई म्हणाल्या. "पर पोरगं इचित्र हाय. दुधाच्या संस्थेत ऱ्हातंय अन् बिनदुधाचा च्या पितंय! म्हशी लाजल्या असतील."

पंचवीस तारीख आली. रूतबाईंकडे एकच अंडी देणारी कोंबडी होती. ती त्यांनी कापली. घरात उरलेलं तूप करंज्यांना लावलं. तेस्फाये आला. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "सलाम लेकरा. नाताळाच्या शुभेच्छा." तो हसला, वाकला, पण शुभेच्छा काही उलट दिल्या नाहीत. अंगणात, माझ्याच खाली, ताट पुढे आलं. त्याने रश्श्याची वाटी हळूच बाजूला सारली. करंजीही. मीठ लावून कोरडी भाकरी मोडू लागला.

"खा की रे. कावून खाईना?"

"अभी नहीं, आजी." त्याने छातीला हात लावला. "अभी नहीं."

रूतबाईंचा चेहरा कसा झाला ते मी वरून पाहिलं. लहानपणी वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यालेली बाई ती. आपल्या हातचं कुणी नको म्हणणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती. तो माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता, बोटांवर सात मोजत होता. पण रूतबाई ताट उचलून आत गेल्या होत्या. मोजलेली बोटं तशीच हवेत राहिली.

"आपल्यातलाच, अन् आपल्याच हातचं चालंना," त्या रात्रीपर्यंत एवढंच म्हणत राहिल्या.

एक तारखेला रिवाजाप्रमाणे मला उतरवलं आणि माळ्यावर ठेवलं.

सात तारखेला दिवेलागणीला अंगणात पावलं वाजली. चपला काढल्याचा आवाज मी ओळखला.

"आजी?"

रूतबाई चुलीशी होत्या. त्या उठल्या आणि त्यांनी आतून कडी लावली.

"आजी, तारा?"

भिंतीपलीकडून चतुराबाई ओरडल्या, "तारा उतरवला की बाबा! सण होऊन लई दिवस झाले."

मी वर अंधारात पडून होतो. पोटात दिवा नाही, अंगावर धूळ. मला खाली झेप घ्यावीशी वाटली. पण तारा स्वतःहून काठीवर चढत नाही, मित्रांनो. त्याला कुणीतरी चढवावं लागतं.

थोड्या वेळाने दाराला तोंड लावल्यासारखा आवाज आला, "मेल्काम गेना, आजी." आणि पावलं गेली.

सकाळी कडी काढली तर रिकाम्या काठीला एक तांबडा कोंबडा सुतळीने बांधलेला. शेजारी कागदात मसाला.

"हे काय आणखी?" रूतबाई म्हणत होत्या, तेवढ्यात दूध संस्थेचे चेअरमन आबासाहेब मोटारसायकलवरून उतरले.

"मावशी, काल जेवला का पोरगा? लई खुशीत होता. म्हणला, आज आमचा नाताळ, आजीच्या ताऱ्याखाली कोंबडा शिजवायचा."

"नाताळ? काल?"

"त्यांचं पंचांग जुनं हाय, मावशी. त्यांच्यात, रशियात, मिसरात सात जानेवारीला येतोय. अन् त्याच्याआधी चाळीसेक दिवस उपास. दूध न्हाई, तूप न्हाई, मटन न्हाई. मी बी त्याला लई चिडवलं चहावरून. मग कळलं. अहो, आपल्यात न्हाई का, स्मार्ताची एकादशी आज अन् भागवताची उद्या? देव तोच."

रूतबाईंनी कोंबड्याची सुतळी सोडली. "अन् ते काल दारात काय म्हणलं, मेल्काम का काय?"

"तुमच्या त्या शुभेच्छाच असतील. त्याच द्यायला तर थांबला होता. काम कवाच संपलं होतं त्याचं."

त्या अनवाणीच छावणीकडे धावल्या. छावणीत म्हशी होत्या, कडब्याच्या पेंढ्या होत्या. खोलीला कुलूप होतं. तो पहाटेच्या एसटीने गेला होता. याच सडकेने, माझ्या रिकाम्या काठीसमोरून.

कोंबडा रूतबाईंनी कापला नाही. म्हातारा होऊन मेला तो. तेस्फायेची खबर पुन्हा कुणाला लागली नाही.

आता शांतवनने प्लास्टिकचा, उघडझाप करणारा तारा आणला आहे. डिसेंबरात तोच चढतो, आणि लोक त्याचंच कौतुक करतात. पण एक तारखेला तो उतरला की रूतबाई मला खाली काढायला लावतात. खळ अजून स्वतः शिजवतात. सात तारखेपर्यंत मी काठीवर असतो. त्या दिवशी त्या ओट्यावर बसतात, पुढ्यात कोंबडीचं ताट झाकून. एसटी येते. तिचा दिवा न थांबता पुढे सरकतो. मग त्या सडकेकडे बघून हळूच म्हणतात, "मेल्काम गेना, लेकरा." शब्द अजून नीट येत नाही त्यांना.

मित्रांनो, माझ्या कामट्या आता फार दिवस टिकायच्या नाहीत. जमलं तर कुणीतरी त्या बदला, नवा कागद लावा. आणि कुणी तुमचं ताट बाजूला सारलं, तर ताट उचलण्याआधी त्याची बोटं पुरती मोजून होऊ द्या. तारा उतरवायची घाई करू नका. आपला सण झालेला असतो. कुणाचा तरी अजून वाटेत असतो.