कपाटात अडकलेली ऊब

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी. सध्या विद्यापीठाच्या दालनात काचेच्या कपाटात बसले आहे आणि माझा जीव टांगणीला लागला आहे.

माझा जन्म इथल्याच तळघरातल्या प्रयोगशाळेत झाला. तिथे संशोधन करणाऱ्या मॅडमनी मला घडवले. स्वभावाने तापट, पण हात मायेचा. आपल्या मुलीची बाहुली माझ्यात निजवून त्यांनी माझे झाकण पुन्हापुन्हा बसवून पाहिले. मग त्यांनी मला जवळच्या दवाखान्यात वापरायला दिले. तिथे सिस्टर मला रोज पुसायची, बिजागरी सैल झाली की चिकटपट्टी लावायची. एवढीएवढीशी बाळे माझ्यात हळूहळू गुलाबी व्हायची. एका आजोबांनी तर मला हात जोडले. मी लाजून चूर झाले.

एके दिवशी समितीची बातमी आली. विद्यापीठातले संशोधन बाजारात किती पोचते, हे कोणता देश कसे जोखतो याची ती तुलना करणार होती आणि त्यातल्याच एका पद्धतीने आमची प्रयोगशाळा तपासणार होती. कुठे म्हणे पेटंट मोजतात, कुठे कंपन्या, तर कुठे थेट वापरणाऱ्याच्या दारात जाऊन विचारतात. आमच्या वाट्याला कोणती फूटपट्टी येणार, कोणालाच ठाऊक नव्हते. नापास झालो तर प्रयोगशाळेला कुलूप. प्रयोगशाळेच्या संचालकांनी मला दवाखान्यातून आणवले, रंगवले, झाकण आणि बिजागरी नवी बसवली आणि या कपाटात मांडले.

सिस्टर म्हणाली, "नेताय तर न्या, पण लवकर परत द्या. बाळं काही समितीसाठी थांबत नाहीत."

समिती आली. त्यातल्या पाहुण्या बाईंनी एकच विचारले, "ही वापरतं कोण?"

मॅडम तोंड उघडणार, तोच संचालक अभिमानाने म्हणाले, "छे, कोणाला हातसुद्धा लावू देत नाही. अगदी नवीकोरी आहे."

बाईंनी मान हलवली आणि त्या पुढे गेल्या. मॅडमचा चेहरा पडला.

निकाल यायचा आहे. तोवर मला हलवायचे नाही, असा हुकूम आहे. कपाटाची किल्ली संचालकांच्या खिशात आणि संचालक परदेशात, तिथे मूल्यमापन कसे करतात ते पाहायला.

आज सिस्टर धापा टाकत आली. "मॅडम, अगदी एवढंसं बाळ आलंय. दुसरी पेटी रिकामी नाही."

मॅडमनी कुलूप ओढून पाहिले. ते हलले नाही. माझी नुसती घालमेल चालली आहे.

मित्रांनो, मोजमाप जरूर करा, पण त्यासाठी कामातल्या वस्तूला कामावरून उठवू नका. मला अजून तापता येते. मॅडमनी स्टूल उचलले आहे. काच फुटली तर फुटू दे, माझी वायर तेवढी जपा.