पाहुणीचा चमचा

चमच्याच्या दांड्यावर फूल कोरलेलं होतं आणि ते बोटाला टोचत होतं – म्हणजे टोचत नव्हतं खरं तर, नुसतं जाणवत होतं. पण झेनोव्हियाला वाटलं टोचतंच आहे, कारण समोर तिची मुलगी, उल्याना, चेपलेल्या ॲल्युमिनियमच्या चमच्याने लालभडक बोर्श्च, बिटाचं सूप, भुरकत होती, आणि तो चमचा तिला स्वतः उठून आतून आणावा लागला होता.

"पाहुणीला फुलाचा चमचा," स्तेफामावशी म्हणाली होती. कोपऱ्यावरच्या या खाणावळीची मालकीण. सगळी गल्ली इथेच जेवते. तिने झेनोव्हियाच्या मांडीवर भरतकामाचा रुमाल पसरला, लसणीचे गरम पाव पुढे सरकवले, "पोटभर जेवा हं, बाई," म्हणाली, आणि उल्यानाकडे वळून – "तुला काय आमंत्रण धाडू? ऊठ, चमचा घे, येताना शेपू आण. आणि ओल्या केसांनी हिंडू नकोस, आजारी पडलीस की काढे मलाच उकळावे लागतात."

"झाली सुरू हिची टकळी," उल्याना म्हणाली आणि हसत आत गेली.

ओले केस झेनोव्हियानेही पाहिले होते, सकाळीच. बोलली नव्हती. दुसऱ्याच्या घरी आल्यावर कुणी असं बोलतं का... पण घर तर तिचंच होतं, तिनेच इटलीतल्या नापोलीहून पैसे धाडून उभं ठेवलेलं. तिथे ती एका परक्या म्हातारीला सूप भरवायची – आ करा, बाई, हा शेवटचा – आणि शेवटचा कधीच शेवटचा नसायचा. चमच्यामागून चमचा, वर्षामागून वर्ष... आणि इथे माझी पोर शाळेतून येऊन याच टेबलावर बसायची, मी धाडलेले बूट पायात न घालता, कारण मी माप आठवून घ्यायची आणि पाय आठवणीबाहेर वाढलेले असायचे.

"साय घाल ना," तिने आंबट सायीचं वाडगं पुढे केलं.

"मी साय खात नाही, आई."

"कधीपासून?"

"तिला साय?" शेजारच्या टेबलावरचे म्हातारे शिंपी मान न वळवता म्हणाले. "तिच्या वाटणीची साय खाऊन इथलं मांजर बघा कसं झालंय."

सगळे हसले. उल्यानाही. झेनोव्हियाही हसली, जरा उशिराने.

संध्याकाळी नापोलीची बस होती. आली त्याच दिवशी तिने मनाशी ठरवलं होतं – पोर एकदा जरी 'राहा' म्हणाली, तर जायचं नाही. एकदाच. पण उल्याना म्हणत होती, चादर बदलू का, चहा हवा का, बॅग जड आहे, मी उचलते... किती नीट वागत होती, किती नीट! तिने एकदा तरी माझ्या बोलण्याला 'टकळी' म्हणावं. आणि मीच का विचारू नये, राहू का म्हणून? 'तुझी मर्जी' म्हणाली तर... तर काय...

दुपारची गर्दी वाढली. आतून स्तेफामावशीचा आवाज आला, "अगं, खिडकीपाशी चमचे नाहीत, कुणी बघतंय का?"

उल्यानाच्या तोंडात घास होता. ती अर्धवट उठली, पण झेनोव्हिया आधी उठली होती – रुमाल खाली पडला, तो तसाच ओलांडून ती आत गेली. वाफ, शेपूचा वास, स्तेफामावशीची रुंद पाठ. तिने वरचा खण ओढला.

"तो नाही गं, खालचा," पाठ न वळताच म्हणाली. "वरचे पाहुण्यांचे. किती वेळा सांगायचं?"

झेनोव्हियाने खालून चमचे मूठभर उचलले. खिडकीपाशी एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती, चमचा घेताना म्हणाली, "नवीन लागलात वाटतं इथे?"

"हो," झेनोव्हिया म्हणाली.

पलीकडून उल्याना तिच्याकडे बघत होती, चमचा हवेतच धरून. तिला काय वाटत होतं ते कळत नव्हतं. कळायला हवं होतं, आईला कळतं... मुठीत एक चेपका चमचा उरला होता. तो परत ठेवायचा तर खालच्या खणात, हे आता कुणाला विचारावं लागणार नव्हतं – आणि एवढंसं शिकायला, एवढंच, तिने किती उशीर केला होता.