काडीचं कोरडं टोक

"निघालं! विष निघालं!" नेत्रबाबा ओरडला आणि वाटीतलं पाणी लालभडक झालं. आमच्या शिलाई कारखान्यातल्या बारा जणींनी हात जोडले. शेठही जोडून उभे. डोळ्यांची साथ आलेली, कुणाचा खाडा होऊ नये म्हणून त्यांनीच या माणसाला बोलावलं होतं. दवाखान्यात पाठवायचं तर अर्धा दिवस बुडतो ना!

बाबा पापणीच्या आत चांदीची काडी फिरवायचा आणि मग ती वाटीत बुडवायचा. दर वेळी ताजं पाणी, दर वेळी लाल. "ज्यांचे डोळे ठणठणीत, त्यांच्यातही विष लपलेलं असतं, पोरींनो!"

मशीनच्या क्रमाने सगळ्या रांगेत बसल्या. मी लाइनची देखरेख करते, म्हणून बाजूला उभी होते. माझी धाकटी बहीण नवव्या मशीनवर. "ताई, आधीच काढून घेते. मागाहून कटकट नको." मी हसले आणि तिला जाऊ दिलं. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिली चार मशीनं सुरू झाली. पाचव्यापासून पुढे अख्खी ओळ रिकामी. पाचव्या मशीनवर काजं करणारीचे डोळे त्या दिवशी आधीच लाल होते. तिच्या अगोदरच्या चौघी धडधाकट, तिच्या नंतरच्या सगळ्या डोळे चिकटून घरी.

शेठनी दुपारी सगळ्यांना घरून बोलावून घेतलं, बाबालाही. बाबा खूश. "लपलेलं विष वर आलं! आता सात दिवस काडी फिरवू, डोळे साफ!" साथीतले डोळे बहुतेकांचे आठवड्यात आपोआप बरे होतात, हे त्या लबाडाला पक्कं ठाऊक होतं.

या वेळी मी त्याच्या तोंडाकडे नाही, बोटांकडे बघत होते. अठरा वर्षं सुई धरलीय मी. वाटीकडे जाताना काडी त्याच्या बोटांत उलटत होती. डोळ्यात एक टोक, पाण्यात दुसरं.

मी काडी हिसकावली, शेठच्या शर्टाच्या बटणावर घासली, उलटली आणि त्याच्याच भांड्यातल्या ताज्या पाण्यात बुडवली. लालभडक!

"शेठ, तुमच्या बटणाचेही डोळे आले बरं का!"

बाबा पेटी तिथेच टाकून पळाला. वाटी-काडी मी दवाखान्यात नेली, शेठही मागोमाग आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाण्यात धुण्याचा सोडा आहे, आणि टोकाला त्यात लाल होणारी पावडर. पण रंगाचं राहू द्या. डोळ्यात गेलेलं टोक एकदा तरी धुतलं का त्याने? एकीच्या डोळ्यातले जंतू पुढच्या सातजणींना स्वतःच्या हाताने वाटले!"

शेठ पुटपुटले, "माझी श्रद्धा होती हो."

"मग स्वतःच्या डोळ्यात का नाही फिरवून घेतली काडी?" मी विचारलं.

जंतू दिसत नाहीत, पण ते हातावरून, रुमालावरून, काडीवरून जातात. हात धुवा. रुमाल वेगळा ठेवा. डोळा दुखला तर दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर त्याची बोटं बघा.

बाकीच्या सगळ्या बऱ्या झाल्या. माझ्या बहिणीचं बुबुळ काडीने खरचटलं होतं, जंतूंनी तिथेच जखम केली. उजव्या डोळ्यावर पांढरा डाग कायमचा राहिला. परवा ती कामावर परतली, नवव्या मशीनवर बसली आणि थोड्या वेळाने तिने मला हाक मारली.

"ताई, सुई ओवून देतेस?"